वाटीखालची कंडरा : टाच उचलता येते का, एवढं आधी बघा

कोर्टाकडेचा

आठ महिन्यांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) पूर्ण तुटली, आणि ती तुटली आहे हे कळायला नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांसाठी हा धागा काढतोय.

वय ३४. कॉलेजपासून व्हॉलीबॉल खेळतो. नोकरी लागल्यावर आठवड्यातून दोनदा, सोसायटीमागच्या सिमेंटच्या कोर्टवर. गेली दोन वर्षं वाटीच्या खालच्या टोकाला दुखायचं. बोटाने दाबलं तर नेमकी एकच जागा, रुपयाच्या नाण्याएवढी. खेळ सुरू केला की दुखायचं, अंग तापलं की थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. दुखलं की मी पंधरा दिवस खेळ बंद ठेवायचो आणि बरं वाटलं की थेट पूर्ण सामना खेळायचो. मध्ये एका ठिकाणी त्याच जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. सहा आठवडे गुडघा नवा मिळाल्यासारखा वाटला. मी उड्या वाढवल्या.

मग तो शनिवार. ब्लॉकला उडी मारली, उतरताना सगळा तोल वाकलेल्या डाव्या गुडघ्यावर आला. मागे उभ्या असलेल्या मित्राला वाटलं बॉल फुटला. पहिल्या मिनिटानंतर दुखणं फार भयंकर नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. पण उभा राहायला गेलो तर पाय माझ्या ताब्यात नव्हता, गुडघ्यात घडी पडून खालीच गेलो.

जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, लिगामेंट ताणलं असेल, क्रेप बँडेज बांधा, बर्फ लावा, आठवडाभर आराम करा, असं सांगितलं. घरचे म्हणाले, हाड शाबूत आहे ना, मग झालं. आत्याने गावाहून लेप पाठवला, तोही लावला.

नवव्या दिवशीही पाय टाकता येईना म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बँडेज सोडलं, उताणं झोपवलं आणि म्हणाले, "गुडघा सरळ ठेवून टाच गादीवरून उचला." उचलेना. मांडी घट्ट होत होती, वाटी वर सरकताना दिसत होती, आणि टाच चादरीला शिवून टाकल्यासारखी तिथेच. मग त्यांनी माझंच बोट धरून वाटीखाली ठेवलं. उजव्या गुडघ्याला तिथे ताणलेल्या दोरासारखं घट्ट लागतं. डावीकडे बोट आत गेलं, पिकलेल्या केळ्यात जावं तसं. पहिल्याच दवाखान्यातली बाजूने काढलेली फिल्म त्यांनी उजेडावर धरली. वाटी जागेवरून चांगली वर गेलेली. हाड मोडलं नव्हतं हे खरंच होतं. वाटी कुठे आहे ते कुणी बघितलं नव्हतं.

गुडघ्यावर पडून, उडी मारून, घसरून दुखापत झालेला माणूस तुमच्यासमोर असेल, तर एक्स-रेत काय आलं हे विचारण्याबरोबर त्याला झोपवून टाच उचलायला सांगा. माझी एवढीच विनंती आहे.

अस्थिवैद्य

चांगलं लिहिलंत. माझा हा रोजचा विषय आहे, म्हणून थोडी भर घालतो.

मांडीचा पुढचा मोठा स्नायू खाली येताना कंडरा होतो, ती कंडरा वाटीला धरते, आणि वाटीच्या खालच्या टोकापासून पुढे नळीच्या हाडावरच्या उंचवट्याला जाऊन चिकटते. वाटीखालचा हा पट्टा म्हणजे पॅटेलर टेंडन. गुडघा सरळ करणारी पूर्ण साखळी ही. कुठलीही एक कडी तुटली की माणसाला पाय सरळ ठेवून उचलता येत नाही. म्हणून 'टाच उचला' ही तपासणी इतकी मोलाची. तिला ना यंत्र लागतं ना पैसे.

एक सावधगिरी. वाटीच्या दोन्ही बाजूंचे पडदे शाबूत असतील तर कंडरा तुटूनही काही जणांना पाय थोडा उचलता येतो, पण शेवटचे काही अंश सरळ होत नाहीत, गुडघा लोंबल्यासारखा राहतो. तेव्हा 'थोडा उचलतो' म्हणजे ठीक आहे असं समजू नका, दुसऱ्या पायाशी ताडून बघा. एक्स-रेत वाटीची लांबी आणि तिच्याखालच्या कंडरेची लांबी मोजतात. कंडरा वाटीच्या १.२ पटीहून लांब दिसली की वाटी वर गेली असं धरतो. शंका उरली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय.

निरोगी कंडरा सहसा तुटत नाही. एका वेटलिफ्टरची ही कंडरा स्पर्धेतच तुटली आणि त्याचं चित्रीकरण होत होतं. त्यावरून संशोधकांनी ताण काढून १९७७ साली प्रसिद्ध केला, तो त्याच्या वजनाच्या सुमारे साडेसतरा पट निघाला. एवढं सोसणारी वस्तू उडी मारून उतरताना तुटते याचं कारण ती आधीच आतून झिजलेली असते. १९९१ साली तुटलेल्या ८९१ कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या. त्यांतल्या ९७ टक्क्यांमध्ये आधीपासूनचे बिघाड सापडले. तुमची दोन वर्षांची नाण्याएवढी जागा म्हणजे तेच.

मैदानी

दादा, वाचून घाबरलो. मी पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर रोज, तेही डांबरी रस्त्यावर, कारण मैदानात पावसाचं पाणी आहे. दीड महिना झाला, उजव्या वाटीच्या खाली तसंच दुखतंय. टाच व्यवस्थित उचलता येते, आत्ताच बघितलं. सर म्हणतात शीर लागली आहे, महिनाभर पूर्ण आराम कर. पण मैदानी चाचणीला दोनच महिने आहेत. आराम केला तर दम जाईल, नाही केला तर गुडघा जाईल. काय करू?

चालती_बोलती

मैदानी, मी फिजिओथेरपिस्ट आहे, तुला नीट उत्तर देते. टाच उचलता येते, एकाच जागी दुखतं, अंग तापल्यावर कमी होतं, या वर्णनावरून तुटल्यासारखं वाटत नाही. याला जंपर्स नी म्हणतात, आणि तो फक्त उडी मारणाऱ्यांना होत नाही. तरी एकदा कुणाकडून तरी प्रत्यक्ष तपासून घे.

'शीर लागली' हा शब्द आपल्याकडे सगळ्यालाच वापरतात आणि त्यामुळेच घोटाळा होतो. शीर म्हटलं की माणूस चोळतो. वाटीखालची ही कंडरा म्हणजे तंतूंचा पिळदार दोर आहे. तो जुन्या दुखण्यात सुजलेला कमी आणि विसकटलेला जास्त असतो. तंतू एका रेषेत राहत नाहीत, मध्ये पोकळ, मऊ भाग तयार होतो. म्हणून नुसत्या सूज उतरवायच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही, आणि म्हणूनच पूर्ण आरामानेही होत नाही. दोराला ताण मिळाला नाही तर तो आणखी कमकुवत होतो. महिनाभराने दुखणं थांबलेलं असतं, पण कंडरा महिन्यापूर्वीपेक्षा कच्ची असते, आणि तू पहिल्याच दिवशी १६०० मीटर पळतोस. कोर्टाकडेचा यांनी दोन वर्षं हेच केलं.

तिला ताण द्यायचा, पण मोजून. भिंतीला पाठ टेकून, गुडघे सोसतील तेवढे वाकवून ४५ सेकंद थांब. मग दोन मिनिटं विश्रांती. असं पाच वेळा. बऱ्याच जणांचं दुखणं यानेच काही तासांसाठी उतरतं, सगळ्यांचं नाही. एक-दोन आठवड्यांनी वजन घेऊन सावकाश बैठका, आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. खाली जायला तीन सेकंद, वर यायला तीन सेकंद. व्यायामशाळेत लेग प्रेस असेल तर उत्तम, नसेल तर पाठपिशवीत वाळू भर. घाई करू नकोस, संथपणाच औषध आहे. हा क्रम बारा आठवड्यांचा असतो, म्हणजे तुझी चाचणी त्याच्या मध्यातच येईल. म्हणून पळणं पूर्ण बंद करू नकोस, कमी कर. आठवड्यातून तीन दिवस, मातीवर, वेग कमी. बाकीचे दिवस सायकल आणि पोहणं, दम तिथे टिकव.

आता यातली खरी मोजपट्टी. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एका पायावर पायरी उतरून बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. काल सकाळपेक्षा वाढला तर कालचा ताण जास्त झाला, तेवढा कमी कर. स्वतःच्या मनावर जाऊ नकोस, वहीवर जा.

खेळकर_आई

माझी मुलगी १३ वर्षांची आहे, शाळेकडून खो-खो खेळते. तिला वाटीच्या खाली नाही, त्याहून तीन-चार बोटं खाली, नळीच्या हाडावर टेंगूळ आलंय. गुडघे टेकून बसता येत नाही. शाळेतल्या ताई म्हणाल्या वाढीचं दुखणं आहे, होईल बरं. तेही हेच का?

चालती_बोलती

ताई, दोर तोच आहे, पण दुखतंय दुसऱ्या टोकाला. या वयात कंडरा हाडाला जिथे चिकटते तिथलं हाड अजून कूर्चेचं, वाढतं असतं. दोर वारंवार ओढतो आणि तो कोवळा भाग दुखावतो, वर येतो. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. बहुतेक मुलांचं उंची वाढणं थांबलं की दुखणं जातं, टेंगूळ मात्र राहू शकतं. खो-खोत उकिडवं बसायचं आणि खो मिळताच त्याच बैठकीतून उसळी घ्यायची. या कंडरेला याहून कठीण काम क्वचितच असेल. खेळ सोडायला लावू नका. सरावाचे दिवस कमी करा, गुडघ्याखाली जाड पट्टी बांधा म्हणजे जमिनीवर आपटणार नाही, मांडीचा पुढचा भाग हळूहळू ताणायला शिकवा.

पण रात्री झोपेतून उठवेल असं दुखत असेल, ताप असेल, किंवा एका उडीत अचानक कळ येऊन पाय उचलता येईना झाला असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मुलांमध्ये कधीकधी कंडरेऐवजी तो हाडाचा तुकडाच निघून येतो.

सांबाप्रेमी

कंडरेचं नाव निघालं की मला रोनाल्डो आठवतो, ब्राझीलचा फुटबॉलपटू. नोव्हेंबर १९९९ मध्ये इटलीच्या इंटर मिलान क्लबकडून खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्याची ही कंडरा दुखावली, ऑपरेशन झालं. १२ एप्रिल २००० ला लाझिओविरुद्ध इटालियन कपच्या अंतिम लढतीत तो पुन्हा मैदानात उतरला. सहा-सात मिनिटांतच, कुणी स्पर्शही केला नसताना, चेंडू पायात घेऊन वळताना तो कोसळला. कंडरा पूर्ण तुटली होती. मी तेव्हा नववीत होतो. शेजारच्यांच्या केबलवर नंतर ते दृश्य बघितलं. गुडघा धरून तो ओरडत होता, आणि भोवतीचे खेळाडू तोंडावर हात धरून उभे होते.

दोन वर्षांनी २००२ चा विश्वचषक. आठ गोल, त्यातले दोन अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध. कोर्टाकडेचा, तुमची आठ महिन्यांची वाट लांब वाटत असेल, म्हणून हे लिहिलं.

कोर्टाकडेचा

सांबाप्रेमी, ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी तेच दृश्य फोनवर पाहत बसलो होतो. बायकोने फोन काढून घेतला. २००२ चा सामना तिनेच लावून दिला.

काहींनी निरोपातून ऑपरेशनबद्दल विचारलंय. वाटीतून वरपासून खालपर्यंत तीन बारीक बोगदे पाडले, कंडरेच्या तुटल्या टोकात जाड दोऱ्याची आवळत जाणारी वीण घातली, आणि ते दोरे बोगद्यांतून वर ओढून वाटीच्या वरच्या कडेला गाठी मारल्या. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा मला चपलेला अंगठा शिवणारे चांभारकाका आठवले, इतकं ते हातकाम आहे.

नंतरचे सहा आठवडे ब्रेस. चालताना पूर्ण सरळ कुलूपबंद, झोपतानाही. वाकवायची मुभा दर आठवड्याला थोडी थोडी, सहाव्या आठवड्याला ९० अंशांपर्यंत पोचलो. सगळ्यांत जास्त हादरलो ते मांडीने. ब्रेस काढून शिंप्याच्या टेपने मोजली तर डावी मांडी उजवीपेक्षा साडेचार सेंटिमीटरने बारीक. स्नायूला 'घट्ट हो' म्हटलं तरी तो ऐकत नव्हता. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायची, दिवसातून शंभर वेळा. चौथ्या दिवशी कातडीखाली काहीतरी हलल्यासारखं दिसलं. आईला हाक मारून दाखवलं.

आज फरक दीड सेंटिमीटर आहे. सपाटीवर हळू पळतो. उडी अजून नाही.

घाटवाटा

मला पीआरपीने फरक पडला. आपलंच रक्त काढून त्यातला भाग टोचतात. ट्रेकिंगमुळे दोन्ही गुडघ्यांना हेच होतं. मैदानीला ते सुचवावं असं वाटतं. शिवाय वाटीखाली बांधायचा पट्टाही मिळतो. राफेल नदाल दोन्ही गुडघ्यांखाली बांधायचा तसा.

अस्थिवैद्य

घाटवाटा, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे. पण पीआरपीची नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी तुलना केलेला चांगला अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात सगळ्याच गटांनी व्यायाम केला होता आणि सगळे गट सारखेच सुधारले. भरतीच्या मुलाने घरच्यांचे पैसे त्यावर घालावेत असं मी म्हणणार नाही. पट्ट्याने काही जणांचं दुखणं खेळापुरतं कमी होतं, तेवढ्यासाठी जरूर वापरा, कंडरा त्याने बरी होत नाही. स्टिरॉइडबद्दल मात्र माझं मत कडक आहे. दुखणं काही आठवडे जातं, कंडरा मजबूत होत नाही, आणि दुखण्याची राखण गेल्यामुळे माणूस जास्त उड्या मारतो. या कंडरेत मी ते देत नाही.

डोंगरात जाणाऱ्या सगळ्यांसाठी आणखी एक. जुलाबावर सिप्रोफ्लॉक्सासिन, लघवीच्या त्रासावर लिव्होफ्लॉक्सासिन, अशा गोळ्या आपल्याकडे दुकानातून सहज घेतल्या जातात. या जातीची अँटिबायोटिक्स कंडरांना इजा करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ सालीच त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीपुढची माणसं, स्टिरॉइड घेणारे आणि किडनी किंवा दुसरा अवयव बसवलेले यांना धोका जास्त. डॉक्टरांनी लिहून दिली असतील तर मनाने बंद करू नका, पण कंडरेत दुखायला लागलं तर लगेच त्यांना कळवा.

शब्दवेल्हाळ

भाषेचा एक प्रश्न. ही वाटीपासून नळीच्या हाडापर्यंत जाते, म्हणजे हाडापासून हाडापर्यंत. मग ती कंडरा कशी? तो अस्थिबंध झाला ना?

अस्थिवैद्य

बरोबर पकडलंत. काही पुस्तकांत तिला लिगामेंटच म्हणतात. पण वाटी हे कंडरेच्या आत तयार झालेलं हाड आहे. अशा हाडांना तिळावरून नाव पडलंय, शरीरातला सर्वांत मोठा 'तीळ' म्हणजे ही वाटी. दोरात ओवलेला मणी समजा. मण्याच्या वरचा आणि खालचा दोर एकच, म्हणून कंडरा म्हणणं जास्त पटतं.

निशिगंध

नमस्कार. मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही, सल्ला हवा आहे. माझे वडील ६३ वर्षांचे, मधुमेह आहे, गेली काही वर्षं डायलिसिस चालू आहे. परवा देवळाच्या पायरीवर पाय घसरला, पडले नाहीत, सावरले. पण तेव्हापासून चालताना गुडघा दुमडतो. एक्स-रेत हाड ठीक. गावातल्या हाडवैद्यांनी चोळून पट्टी बांधली आहे. हा धागा वाचून मी आत्ता त्यांना झोपवलं आणि टाच उचलायला सांगितली. उचलत नाही. पण खड्डा वाटीच्या खाली नाही लागत, वर लागतो.

अस्थिवैद्य

ताई, उद्याची वाट बघू नका. वाटीच्या वरची कंडरा तुटली असावी. चाळिशीनंतर वरचीच जास्त तुटते, आणि मधुमेह, किडनीच्या आजारात ती आधीच कमकुवत असते. सावरताना मांडीने जो झटका घेतला त्यात गेली असेल. चोळणं आधी थांबवा. पाय सरळ ठेवून फळी किंवा जाड पुठ्ठा लावून बांधा, चालवू नका, आणि अस्थिरोगतज्ज्ञ आणि डायलिसिस दोन्ही असलेल्या रुग्णालयात न्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टोकं सहज जुळतात. उशीर झाला की मांडीचा स्नायू आखडतो, टोक वर ओढलं जातं, आणि मग दुसऱ्या जागची कंडरा काढून जोडावी लागते.

मैदानी

ताई, काळजी घ्या काकांची.

माझंही सांगतो. तीन आठवडे झाले. वहीत पहिल्या सकाळी ६ लिहिलं होतं, आज २. सरांना वही दाखवली, आता आमच्या गटातली आणखी तीन मुलं लिहितात.

निशिगंध

त्याच रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. वरचीच कंडरा होती, पूर्ण तुटलेली. डायलिसिसचा दिवस बघून चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी फोन पुढे केला आणि कोर्टाकडेचा यांचं लिखाण दाखवलं.

बाबा ब्रेसमध्ये आहेत. झोपेत पाय जड होतो म्हणून ते रात्री पट्टे सैल करायला सांगतात. करू का?

कोर्टाकडेचा

नको ताई. मीही रोज तेच मागायचो. पट्टे तसेच ठेवा, पोटरीखाली मऊ उशी द्या, टाच अधांतरी राहू द्या म्हणजे जड वाटणार नाही. मधुमेह आहे, तेव्हा टाच आणि पट्ट्याखालची कातडी रोज बघा. लाल किंवा ओलसर दिसली, बोटं बधिर किंवा गार लागली, तर लगेच वॉर्डमधल्या सिस्टरना दाखवा.